डेकोरा : मक्याच्या मुलखातले बियाण्याचे गाव

परदेशातून कोणी परत आले की गावची मंडळी भोवती जमतात आणि विमान, उंच इमारती, डॉलरचा भाव असल्या गोष्टी विचारतात. आमच्या शेजारच्या एका जाणत्या शेतकऱ्याने मात्र मला वेगळेच विचारले. तिकडे खेडी असतात का, असली तर तिथली माणसे काय पेरतात, काय खातात आणि त्यांची मुले गावात राहतात का, हे त्याला हवे होते. प्रश्न मोलाचा होता. सिनेमात दिसणारी अमेरिका ही शहरांची अमेरिका. धान्य पिकवणारी अमेरिका त्यात सहसा येत नाही. म्हणून मी पाहिलेल्या एका लहान गावाची हकिगत इथे सविस्तर सांगतो.

आमची मुलगी आणि जावई मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर या शहरात असतात. गेल्या उन्हाळ्यात मी आणि आमच्या सौ. तिकडे राहून आलो. तिथून दक्षिणेला मोटारीने दीड तासाच्या वाटेवर, शेजारच्या आयोवा राज्यात डेकोरा नावाचे गाव आहे. वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला मोठे खेडे म्हणतील. तिकडे ते जिल्ह्याचे ठाणे आहे. या विनेशिक जिल्ह्याचा मुलूख आपल्या दोन तालुक्यांएवढा, पण माणसे सारी मिळून अवघी वीस हजार. एवढ्या मोकळ्या मुलखात माणूस कसा राहतो, हेच पाहण्यासारखे होते.

वाटेवरची घोडागाडी

मिनेसोटाची हद्द संपण्याआधी हार्मनी नावाचे छोटे गाव लागते. तिथे सडकेच्या कडेने काळ्या रंगाची घोडागाडी दुडक्या चालीने येताना दिसली. आम्हाला वाटले, हौसेखातर कोणी काढली असेल. पण ती आमिश लोकांची रोजची गाडी होती. या पंथाचे लोक घरात विजेची तार घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत आणि शेत घोड्यांनी नांगरतात. पुरुषांची दाढी, बायकांच्या डोक्यावर टोपी आणि अंगावर साधे, एकरंगी कपडे. हार्मनीच्या परिसरात ते १९७४ पासून येऊन राहिले. त्यांचे पूर्वज अडीच-तीनशे वर्षांपूर्वी युरोपातून अमेरिकेत आले, तरी घरात ते अजून आपली जुनी जर्मन वळणाची बोलीच बोलतात. मुले शाळेत इंग्रजी शिकतात आणि घरी आल्यावर आईशी आपल्या बोलीत बोलतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

घर शेतात, शेजार दूर

आयोवा म्हणजे सपाट मैदान असे पुस्तकांत असते. डेकोराचा परिसर तसा नाही. हिमयुगात उत्तरेकडून बर्फाचे प्रचंड थर सरकत आले आणि त्यांनी भोवतालचा मुलूख रगडून सपाट केला. शेवटच्या हिमयुगात हा कोपरा त्या रगड्यातून वाचला. त्यामुळे इथे टेकड्या आहेत, चुनखडीचे कडे आहेत, खोल घळी आणि थंड पाण्याचे झरे आहेत. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून शेतकरी समपातळीत पट्टे पाडून पेरतात. एक पट्टा मक्याचा, एक लसूणघासासारख्या चाऱ्याचा. वरून पाहिले तर हिरव्या रंगाच्या दोन छटांची चौकटीची घोंगडी अंथरली आहे असे वाटते.

आपल्यासारखी गावठाणात एकमेकांना खेटून घरे इकडे नाहीत. ज्याचे शेत जिथे, त्याचे घर तिथे. घराशेजारी लाकडी कोठार, बहुधा तांबड्या रंगाचे; त्याच्या बाजूला धान्याची पत्र्याची उंच गोल कोठी. सडकेच्या कडेला खांबावर टपालाची पेटी आणि तिला लाल निशाण. घरच्याने पाठवायचे पत्र पेटीत ठेवून निशाण उभे केले की पोस्टमन समजतो. सकाळी पिवळी बस येते आणि शेताशेतावरून मुले गोळा करून शाळेत नेते. शेजाऱ्याच्या घरचा दिवा दिसतो, पण हाक ऐकू जात नाही.

हंगाम वर्षाला एकच. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंतही जातो आणि जमीन दगडासारखी गोठते. एप्रिलअखेर ते मे महिन्यात पेरणी, सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत काढणी. मका आणि सोयाबीन ही मुख्य पिके; या डोंगराळ भागात दुभती जनावरेही आहेत. आयोवात मक्याचा उतारा चांगल्या वर्षी एकरी पन्नास क्विंटलच्या घरात जातो. आकडा ऐकून आपले डोळे विस्फारतात. पण या मक्याचा फार थोडा भाग माणसाच्या पानात पडतो. बराचसा डुकरांच्या, कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जातो, आणि फार मोठा वाटा मोटारीत घालायचे इथेनॉल करण्यासाठी.

पीक वाढले तसे शेतकरी कमी झाले. १९३५ च्या सुमारास आयोवात दोन लाखांहून अधिक शेते होती. २०२२ च्या शेतीगणनेत ती ८७ हजारांच्या आसपास उरली. सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या जवळपास. मोठी यंत्रे आली, एकट्या माणसाला हजार एकर कसता येऊ लागले आणि शेजारी जमीन विकून निघून गेले. मध्ये १९८० च्या दशकात मोठे संकट आले. आधी जमिनीचे भाव चढत गेले, बँकांनी सढळ हाताने कर्जे दिली, आणि मग व्याज वाढले व भाव कोसळले. आयोवात १९८१ साली एकरी दोन हजार डॉलरच्या वर असलेली जमीन १९८६ साली आठशे डॉलरच्याही खाली आली. कर्ज मात्र जुन्या भावाचेच होते. चार पिढ्यांची शेते लिलावात गेली. शेतकरी गेला की त्याच्यामागे दुकान जाते, मग चर्च ओस पडते आणि शेवटी शाळा बंद होते. या जिल्ह्याच्या उत्तर भागातला शाळा-विभागही मुले कमी झाल्याने २०१८ साली डेकोराच्या शाळांत विलीन झाला. कर्ज, लिलाव, रिकामी घरे, या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. भरघोस पीक असूनही गाव रिकामे होऊ शकते, हे तिथे जाऊन डोळ्यांनी पाहिले.

गावाचे नाव आणि गावाचे रूप

डेकोरा हे नाव एका मूळनिवासी पुढाऱ्याचे आहे. हो-चंक या जमातीचे लोक या मुलखात राहत होते. सरकारने त्यांना १८४८ साली इथून हलवले आणि लगोलग, १८४९ साली, गोऱ्या वसाहतवाल्यांनी गाव वसवले. वॉकॉन डेकोरा या त्यांच्या पुढाऱ्याचे नाव गावाला राहिले. त्याची माणसे मात्र राहिली नाहीत. त्यानंतर थोड्याच वर्षांत नॉर्वे देशातून शेतकरी कुटुंबे येऊ लागली. नॉर्वेत डोंगर फार, कसायला जमीन थोडी आणि भावंडे पुष्कळ. वाटण्या होऊन होऊन तुकडे उरले तेव्हा लोकांनी बोटीचा रस्ता धरला.

गावाला अप्पर आयोवा नदीचा वळसा आहे. नदी एरवी शांत, पण २००८ च्या जूनमधल्या पुराने गावात हाहाकार केला होता. मुख्य रस्त्याचे नाव वॉटर स्ट्रीट. दोन्ही बाजूंना शंभर वर्षांपूर्वीच्या विटांच्या दुमजली इमारती, खाली दुकाने. त्यातच शहाण्या ग्राहकांनी १९७४ साली सुरू केलेले सहकारी किराणा भांडार आहे. आसपासच्या शेतांतली भाजी, अंडी, लोणी तिथे विकायला येते. टेकडीवर जिल्हा कचेरी. गावाच्या एका अंगाला ल्यूथर कॉलेज. नॉर्वेच्या लोकांनी १८६१ साली स्थापन केलेले आणि पुढच्याच वर्षी डेकोराला आणलेले. ज्यांची स्वतःची घरे अजून लाकडाच्या ओंडक्यांची होती, त्यांनी आधी मुलांच्या शिक्षणाची सोय केली, हे विशेष. आज आसपासची गावे ओसरत असताना डेकोरा धरून राहिले, त्यात या कॉलेजचा मोठा वाटा आहे.

गावालगत एक नवल पाहिले. कड्यात बर्फाची गुहा आहे. बाहेर जुलैचे कडक ऊन आणि आत भिंतीला बर्फ! हिवाळ्यात थंड हवा खाली उतरून खडक गारठवून ठेवते, वसंतात वितळलेले पाणी झिरपत आत येते आणि त्या गार खडकावर गोठते. उन्हाळा बराच सरेपर्यंत तो बर्फ टिकतो. सौ. म्हणाल्या, हे तर देवाने बांधलेले शीतगृह.

पेट्या, पोळ्या आणि एक बंद पडलेले वर्तमानपत्र

आम्ही गेलो तेव्हा नॉर्डिक फेस्ट चालू होता. ही गावची जत्राच म्हणा. १९६७ पासून जुलैच्या अखेरीस भरते. लहान मुली नॉर्वेच्या पारंपरिक पोशाखात नाचत होत्या, वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. एका मांडवात बायका लेफ्से करत होत्या. उकडलेले बटाटे कुस्करून त्यात पीठ व लोणी मळायचे, खाचा असलेल्या लाटण्याने पातळ पोळी लाटायची आणि लांब चपट्या काठीने उचलून मोठ्या तव्यावर टाकायची. वरून लोणी-साखर लावून सुरळी करायची. पुरणपोळी लाटणारे हात आणि ते हात यांत काही फरक दिसला नाही. आमच्या सौ.नी दोन पोळ्या लाटून दाखवल्या, तेव्हा त्या बायकांनाही कौतुक वाटले.

वॉटर स्ट्रीटवरच व्हेस्टरहाइम नावाचे संग्रहालय आहे. त्याची सुरुवात १८७७ साली कॉलेजात झाली. तिथे नॉर्वेहून येताना बरोबर आणलेल्या लाकडी पेट्या ओळीने मांडल्या आहेत. पेटीवर रंगीत वेलबुट्टी, मालकाचे नाव आणि साल. अख्खा संसार त्या एका पेटीत बसवून माणसे समुद्र ओलांडून आली. आपल्या आजीच्या रुखवतातली पेटी आठवल्यावाचून राहत नाही. संग्रहालय नुसते जुने सामान दाखवत नाही. पेटी रंगवणे, लाकूड कोरणे, विणकाम यांचे वर्ग तिथे चालतात.

पण याच गावात एका गोष्टीचा शेवटही झाला. १८७४ साली इथे ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेच्या भाषेतले वर्तमानपत्र निघाले. भरभराटीच्या काळात त्याचे वर्गणीदार चाळीस हजारांवर होते. दूरदूरच्या शेतघरांत ते टपालाने जाई. शेतावर एकट्या पडलेल्या कुटुंबाला आपल्या भाषेतला तेवढाच आधार. मग मुले इंग्रजी शाळेत गेली, नातवंडे घरीही इंग्रजी बोलू लागली, आणि वाचणारेच उरले नाहीत. १९७२ साली ते वर्तमानपत्र बंद पडले. पेट्या राहिल्या, पोळ्या राहिल्या, नाच राहिला. रोजची बोली गेली. हार्मनीच्या आमिश लोकांची बोली टिकली, कारण आई मुलाशी रोज तीच बोलते.

आजोबांची वेल

गावाच्या उत्तरेला दहा किलोमीटरवर आम्ही ज्यासाठी मुद्दाम गेलो ते ठिकाण आहे. त्याचे नाव हेरिटेज फार्म. सीड सेव्हर्स एक्स्चेंज, म्हणजे बियाणे राखणाऱ्यांची देवाणघेवाण, या संस्थेचे ते शेत. क्षेत्र ८९० एकर.

या संस्थेचा उगम एका घरगुती गोष्टीत आहे. डायन ओट व्हीली या बाईंचे आजोबा याच भागात शेती करत. त्यांनी नातीला आणि तिच्या नवऱ्याला दोन वाणांचे बी दिले. एक जांभळ्या फुलांच्या वेलीचे आणि एक गुलाबी टोमॅटोचे. हे बी त्यांच्या घराण्यात जर्मनीतल्या बव्हेरियातून आले होते. थोड्याच काळाने आजोबा वारले. नातीला कळून चुकले की आपण हे बी घेतले नसते तर आजोबांबरोबर तेही गेले असते. मग अशी किती घराण्यांची बी-बियाणी दरवर्षी म्हाताऱ्या माणसांबरोबर जात असतील? डायन आणि केंट या पतिपत्नींनी १९७५ साली मिसुरी राज्यात, जवळ असलेली बी एकमेकांना देणाऱ्यांची ही मंडळी जमवली. सभासद आपल्याकडचे वाण यादीत छापत आणि मागेल त्याला टपालाने पाठवत. पुढे १९८६ साली, म्हणजे जमिनीचे भाव तळाला गेले होते त्याच साली, डेकोराजवळची ही जमीन घेतली. आज संस्थेकडे वीस हजारांवर वाण आहेत.

एका कलिंगडाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गडद हिरव्या सालीवर एक मोठा पिवळा ठिपका आणि भोवती बारीक ठिपके, म्हणून त्याला ‘चंद्र-तारे’ म्हणत. ते नाहीसे झाले असे सारे समजून होते. १९८० च्या सुमारास मिसुरीतल्या एका शेतकऱ्याकडे ते सापडले. तो आपला नेमाने बी धरत होता. आज ते पुन्हा पुष्कळांच्या बागेत लागते.

बी कसे राखतात ते आम्ही बारकाईने विचारून घेतले, कारण ते आपल्यालाही उपयोगी आहे. टोमॅटो आणि घेवडा यांचे फूल बहुतेक स्वतःच फळते, म्हणून त्यांचा वाण सहज शुद्ध राहतो. भोपळ्याचे तसे नाही. मधमाशी एका वाणाचा पराग दुसऱ्यावर नेते आणि बी मिसळते. म्हणून उद्या उमलणारी नर व मादी फुले आज संध्याकाळीच चिकटपट्टीने बांधून ठेवतात. मादी फूल ओळखणे सोपे, त्याच्या खाली इवलासा भोपळा असतो. सकाळी बांधणी सोडून नर फुलाचा पराग हाताने मादी फुलाला लावतात, पुन्हा बांधतात आणि देठाला खुणेची दोरी अडकवतात. तेवढेच फळ बियाण्याला ठेवायचे. मक्याचा पराग वाऱ्याने उडतो, म्हणून त्याचे दोन वाण एकमेकांपासून फार दूर लावतात किंवा कणसाला व तुऱ्याला कागदी पिशव्या घालतात.

वाळवलेले बी हवाबंद पाकिटात भरून गोठणबिंदूच्या खाली ठेवतात. एक वाटा नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर, २००८ साली उघडलेल्या जागतिक बियाणे-कोठारातही ठेवला आहे. पण थंडीत ठेवले म्हणजे काम संपले असे नाही. बी हळूहळू जुने होते. म्हणून मधूनमधून उगवण तपासतात, आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवतो तसेच. आणि उगवण घटू लागली की ते बी शेतात पेरून नवे धरतात. कोठी कितीही चांगली असली तरी बी शेवटी मातीतच ताजे होते.

आजोबांच्या वेलीने तिथल्या कोठाराची भिंत झाकून टाकली होती. सकाळची जांभळी फुले, आत तांबूस चांदणी.

त्याच मुलखातला दुसरा माणूस

डेकोराच्या पश्चिमेला, तासाभराच्याही आत, क्रेस्कोजवळच्या शेतावर १९१४ साली नॉर्मन बोरलॉग जन्मले. तेही नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचे वंशज. आठ वर्षे एकशिक्षकी शाळेत शिकले. मेक्सिकोत त्यांनी ठेंगण्या गव्हाचे वाण तयार केले. १९६६ साली भारताने त्या गव्हाचे अठरा हजार टन बियाणे आणले आणि आपल्या देशातली हरितक्रांती सुरू झाली. १९७० साली बोरलॉग यांना शांततेचे नोबेल मिळाले. आपल्या पानातल्या पोळीचा धागा असा या दूरच्या मुलखाशी जोडलेला आहे.

नव्या वाणांचा जनक आणि जुन्या वाणांची राखण, दोन्ही एकाच टापूत. यात कोणाला विरोध दिसेल, मला दिसत नाही. नवे वाण जुन्यांच्याच संकरातून घडते. बोरलॉग यांच्या ठेंगण्या गव्हातला ठेंगणेपणा जपानच्या एका वाणातून आला होता. ते बी कोणी राखले नसते तर पुढचे काहीच झाले नसते. आयोवात आज मक्याचे बहुतेक सारे बियाणे कंपनीचे. शेतकरी ते दरवर्षी विकत घेतो, आणि उताऱ्यासाठी ते लागतेही. म्हणूनच दुसरीकडे कोणीतरी घरचे बी धरत राहिले पाहिजे.

आपल्याकडे हे काम करणारी माणसे आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा न पाहता गावठी वाणांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण एका राहीबाईंनी किती घरांचे बी सांभाळावे?

तेव्हा, वाचकहो, या सुगीला एक करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि पूर्वी परसात कोणता वाल होता, कोणते वांगे, कोणता भोपळा, बी कोणाकडून आले होते, हे विचारून वहीत लिहून घ्या. कुठे मूठभर बी गाडग्यात राखेत सापडले तर तसेच ठेवू नका. एका वाफ्यात पेरा, पहिले निरोगी फळ बियाण्याला सोडा, आणि धरलेल्या बियांतला निम्मा वाटा शेजारणीला द्या. आपले गेले तर तिच्याकडे राहील.